जंगलात कचराकुंडी मागू नका

श्रावणातल्या रविवारी महागाव, पुसद, उमरखेडकडून निघणाऱ्या गाड्यांच्या दिशा आता ठरून गेल्या आहेत. सहस्रकुंडाचा धबधबा, इसापूर धरणाचा काठ, माहूरला जाता-येता लागणारी सागाची जंगलं, वनखात्याने बांधलेला एखादा ओटा किंवा निवारा. सोमवारी तिथे मागे काय राहतं तेही ठरलेलं आहे: पाण्याच्या बाटल्या, चकचकीत द्रोण, चिप्सची पाकिटं, गुटख्याच्या पुड्या, फुटलेली काच आणि तीन दगडांची काळी पडलेली चूल. याबद्दल कुणी बोललं की उत्तर हमखास येतं. तिथे कचराकुंडीच नाही, माणसं टाकतील कुठे? आधी सरकारने सोयी कराव्यात, मग शिस्त शिकवावी. असं म्हणणारे लोक बेफिकीर नसतात. त्यांतल्या अनेकांना जंगल मनापासून आवडतं, आणि म्हणूनच त्यांचं म्हणणं नीट तपासून खोडून काढायला हवं. सोयी नाहीत म्हणून जंगलात कचरा होतो, हे मला मान्य नाही. उलट जी सोय आपण मागतो आहोत, ती दिली तर जंगलाचं नुकसान वाढेल. जे पिशवीतून आत गेलं, ते पिशवीतूनच बाहेर आणायचं, हा एकच नियम जंगलात चालतो. तो पाळण्याची जबाबदारी जाणाऱ्यावर आहे.

आधी हे जंगल कसलं आहे ते पाहू. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे फाटे या भागात उतरत येतात आणि त्यांच्या अंगावर पानगळीचं कोरडं जंगल आहे: साग, ऐन, धावडा, सालई, मोह, तेंदू, पळस, चारोळी. महागावच्या दक्षिणेला, उमरखेड तालुक्यात आणि नदीपलीकडे नांदेड जिल्ह्यात मिळून सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचं पैनगंगा अभयारण्य पसरलेलं आहे. यवतमाळ जिल्ह्याच्या पूर्वेकडे टिपेश्वर अभयारण्य आहे. या दोहोंच्या मधली जंगलं तुकड्यातुकड्यांची, शेतांनी आणि तांड्यांनी वेढलेली. त्यामुळे 'हे काही अभयारण्य नाही, इथे कोण जनावर येतंय' असं सहज म्हटलं जातं. पण २०१९ मध्ये टिपेश्वरात रेडिओ कॉलर लावलेला एक तरुण वाघ जूनमध्ये तिथून बाहेर पडला आणि महाराष्ट्र-तेलंगणातल्या अनेक जिल्ह्यांतून, शेतं, नाले, रस्ते ओलांडत डिसेंबरात बुलडाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोचला. तेव्हाच त्याची चाल तेराशे किलोमीटरांच्या वर गेली होती. तो बहुतेक रात्रीच चालला, आणि नकाशावर ज्यांना जंगल म्हणायलाही आपण कचरू अशा नाल्यांच्या झाडोऱ्यात दिवस काढत गेला. ज्या जागा आपल्याला दुपारी दोन वाजता रिकाम्या वाटतात, त्या रात्री दोन वाजता कुणाच्या तरी वाटेवर असतात. सहलीच्या जागेचा विचार करताना त्या दुसऱ्या वेळेचाही हिशेब धरावा लागतो.

आता कुंडी ठेवली असं समजू. शहरातली कुंडी एका साखळीचा भाग असते. घंटागाडी येते, कामगार येतात, कचरा डेपोपर्यंत जातो. महागावला नगरपंचायत आहे, पण तिची घंटागाडी हद्दीच्या आत फिरते. जंगलातल्या ओट्यापर्यंत ती जात नाही आणि जाण्याचं कारणही नाही. वनरक्षकाकडे शेकडो हेक्टरांचं बीट असतं. तोड, चराई, अतिक्रमण, आग, शिकार यांच्या मागे धावणाऱ्या त्या एका माणसाने दर सोमवारी कुंड्या उपसाव्यात अशी अपेक्षा धरणं म्हणजे त्याच्या खऱ्या कामाचा एक दिवस खाणं. त्यामुळे कुंडी भरते आणि भरलेलीच राहते. एक मोठा, वास मारणारा ढीग तयार होतो, त्यावर पाटी मात्र 'माझा वापर करा' अशी असते. वानरं दिवसा ती उलटी करतात आणि रानडुकरं रात्री तिच्यात तोंड घालतात. उरलेल्या भाजीचा, तुपाचा, मटणाच्या हाडांचा वास ज्या पातळ पिशवीला लागलेला असतो, ती पिशवीही खाणाऱ्याच्या पोटात जाते. गावच्या गायींच्या पोटातून किलोकिलोने प्लास्टिक निघतं हे आपल्याकडच्या कुठल्याही गुरांच्या डॉक्टरला विचारावं. सांबराच्या किंवा रोहीच्या पोटावर शस्त्रक्रिया करायला कुणी येत नाही, एवढाच फरक.

वास लागलेल्या कचऱ्याने जनावराची सवय बदलते, आणि हा परिणाम प्लास्टिकपेक्षाही वाईट. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या कडेने जिथे उकिरडे वाढले, तिथे भटकी कुत्री आणि डुकरं पोसली गेली आणि त्यांच्या मागे बिबटे माणसांच्या अंगणापर्यंत आले. २००४ च्या सुमाराला तिथे माणसांवर जे हल्ले झाले त्यांची कारणं एकाहून अधिक होती, पण त्यानंतर अभ्यासक आणि वनखातं जे उपाय सांगत आले, त्यांत कचरा उचलणं पहिल्या ओळीत राहिलं. अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाने हाच धडा फार मोठी किंमत देऊन घेतला. तिथे हॉटेलांचा कचरा टाकण्याच्या जागी अस्वलं जमत, आणि ती बघायला प्रवाशांसाठी बाकं मांडलेली असत. १९७० च्या सुमाराला ते उकिरडे बंद केले तेव्हा उष्ट्याची सवय झालेली अस्वलं तंबूंकडे आणि वस्त्यांकडे वळली, आणि त्यांतली पुष्कळ मारावी लागली. आपल्या पैनगंगेच्या जंगलातही अस्वल आहे. मोहाच्या दिवसांत पहाटे फुलं वेचायला जाणाऱ्या बायामाणसांची आणि त्याची गाठ आधीच पडते. सहलीच्या ओट्याजवळ उष्ट्याची कुंडी ठेवून आपण ती गाठ वाढवणार, आणि जखम होणार ती वेचणाऱ्याला, सहलीला आलेल्याला नव्हे. शिवाय रानडुकरांनी पीक उद्ध्वस्त केलं म्हणून यवतमाळचा शेतकरी दरवर्षी रडतो. त्याच रानडुकराला जंगलाच्या कडेला आयतं जेवण मांडून ठेवण्याला सोय म्हणता येणार नाही.

मग कचरा न्यायचा कुठे, असं विचारलं जातं, जणू प्रश्न अवघड आहे. सकाळी घरून निघताना भरलेल्या बाटल्या, भरलेले डबे, पिठाची पिशवी, तेलाची बुधली घेऊन माणसं येतात. संध्याकाळी ते सगळं रिकामं, म्हणजे हलकं असतं. जड सामान आणता आलं आणि हलकं नेता येत नाही, हे गणित जुळत नाही. जपानमध्ये १९९५ साली टोकियोच्या भुयारी रेल्वेत विषारी वायूचा हल्ला झाल्यावर सार्वजनिक जागांवरच्या बहुतेक कचराकुंड्या काढून टाकल्या गेल्या, आणि तिथले रस्ते घाण झाले नाहीत, कारण माणसं कचरा पिशवीत घालून घरी नेतात. तिथली माणसं वेगळ्या मातीची आहेत, असं यावर म्हणतील. पण आपल्याकडेही २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी हेच सांगितलं: कचरा करणाऱ्याने तो उघड्यावर फेकू नये, जाळू नये, पुरू नये. जबाबदारीची सुरुवात कचरा करणाऱ्यापासून होते, असं आपला कायदाही धरूनच चालतो. तेव्हा ही कुणा परदेशी शिस्तीची उसनवारी नाही.

त्या नियमातल्या दोन शब्दांवर थोडं थांबायला हवं, कारण फेकणाऱ्यापेक्षा पुरणारे आणि जाळणारे समजावून सांगायला कठीण असतात. ते स्वतःला जबाबदार समजतात. जेवणं झाली की पत्रावळी, पिशव्या, बाटल्या गोळा करून काडी लावली, जागा स्वच्छ केली, असं त्यांना वाटतं. प्लास्टिक पुरतं जळत नाही. वितळून मातीला आणि दगडाला चिकटतं, आणि त्याचा धूर तिथेच बसलेली मुलं छातीत घेतात. पुरलेलं तर दोन रात्रीही टिकत नाही. रानडुक्कर नाकाने जमीन उकरूनच जगतं, आणि तेलकट वासाची ताजी भुसभुशीत माती त्याला दुरूनही कळते. पातळ पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटवाट्यांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, अशा ताटवाट्यांवर केंद्राची बंदी १ जुलै २०२२ पासून आली. तरी त्या मिळतात, हे खरं. पण मिळतात म्हणून जंगलात न्याव्याच लागतात असं नाही. घरातली स्टीलची ताटं त्याच डिकीत मावतात.

तिसरा एक दिलासा लोक स्वतःला देतात, तो नदीचा: पूर आला की सगळं वाहून जातं. कुठे जातं ते पाहू या. सहस्रकुंडाला पैनगंगा कड्यावरून कोसळते, विदर्भ एका काठावर आणि मराठवाडा दुसऱ्यावर. तिथून नदी अभयारण्याला वळसा घालत उत्तरेकडे येते आणि महागाव तालुक्याच्या सीमेवरून माहूरच्या बाजूने पुढे जाते. हिवरा संगमला पूस तिला मिळते. म्हणजे सहस्रकुंडाच्या खडकावर सोडलेली बाटली आधी आपल्याच तालुक्याच्या काठाशी येते. संगमावर अस्थी विसर्जनाला, स्नानाला जो उतरतो त्याच्या पायाशी ती लागते. पुढे घुग्घूसजवळ वढ्याला वर्धा नदी, मग प्राणहिता, मग गोदावरी. आणि नदी जे पुढे नेत नाही ते शेतात टाकते. या भागातले नाले एका रात्रीत काय रूप घेतात ते २०२३ च्या जुलैत महागाव तालुक्याने पाहिलं आहे. आनंदनगर तांडा पाण्याने वेढला गेला आणि अडकलेल्यांसाठी हवाई दलाच्या हेलिकॉप्टरपर्यंत मदत मागावी लागली. असं पाणी ओसरल्यावर वावरात गाळ बसतो, आणि त्या गाळात वरच्या बाजूच्या प्रत्येक सहलीचा वाटा असतो. तो वेचायला शेतमजुराला रोजी द्यावी लागते ती शेतकऱ्याच्या खिशातून.

कचऱ्यापेक्षा मोठा वाद चुलीचा आहे, आणि तिथे समोरच्यांचा मुद्दा अधिक वजनदार आहे. वनभोजन ही वऱ्हाडातली जुनी रीत. कार्तिकात आवळीखाली जेवायचं, नवस फेडायला देवाच्या ओट्याशी रोडगे लावायचे, गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण आणि वरून तूप. पळसाच्या पानात भाजलेले पानगे. ही रीत बंद करा म्हणणाऱ्याला लोकांनी हाकलून द्यावं, इतकी ती आपली आहे. पण तिच्याकडे नीट पाहिलं तर दिसेल की तिच्यातली प्रत्येक वस्तू मातीत जाणारी होती. पत्रावळ आणि द्रोण पळसाचे, गोवऱ्या घरून आणलेल्या, उष्टं गुरांना किंवा मुंग्यांना. स्वयंपाकही बहुधा वावरात, नदीच्या वाळूत किंवा देवळासमोरच्या झाडून काढलेल्या अंगणात व्हायचा, सागाच्या पाचोळ्यात नव्हे. रीतीच्या नावाने आज जे केलं जातं त्यात धावड्याची ओली फांदी तोडणं आहे, पाचोळ्यावरच दगड मांडणं आहे आणि ताटं थर्माकोलची आहेत. रीत सांभाळायची असेल तर ती पूर्ण सांभाळावी लागेल.

आर ही मोठी फसवी गोष्ट आहे, हे रोडगे लावणारी प्रत्येक बाई जाणते. म्हणून तर रोडगे आतपर्यंत भाजतात. वरून पांढरी, थंड दिसणारी राख आणि खाली तासन्‌तास धुमसणारी गोवरी. जेवून, गप्पा मारून, भांडी आवरून मंडळी निघतात तेव्हाही खाली निखारा जिवंत असतो. एक तांब्या पाणी ओतलं की वरची राख भिजते, तळ भिजत नाही. पाणी ओतून, काठीने उकरून, पुन्हा पाणी ओतून, दगड बाजूला करून, राखेवर हात धरून ऊब लागत नाही याची खात्री होईपर्यंत चूल विझलेली नसते. पावसाळ्यात अशा चुलीने वणवा लागत नाही, हे मी मान्य करतो. पण १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखातं आगीचा हंगाम धरतं ते उगाच नाही. साग आणि तेंदू पानं गाळून बसलेले असतात, गुडघाभर पाचोळा वाळून पापडासारखा झालेला असतो, उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो आणि दुपारनंतर वारा सुटतो. त्या दिवसांतली जंगलातली आग बहुधा जमिनीवरून धावते. मोठी झाडं वाचतात आणि पाहणाऱ्याला वाटतं की काही झालं नाही. पण त्या वर्षीची सगळी रोपं, तितराची आणि टिटवीची अंडी, घोरपडीची पिल्लं, कासवं जळून जातात. १९२७ च्या वन कायद्याच्या २६ व्या कलमाने राखीव जंगलात मनाईच्या काळात आग पेटवणं किंवा सोबत नेणंसुद्धा गुन्हा केला आहे, आणि अभयारण्यात जंगलाला धोका होईल अशी आग पेटवणं किंवा पेटती सोडून जाणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या ३० व्या कलमाखाली येतं. त्या चार महिन्यांत रोडगे वावरात लावावेत आणि डबा जंगलात न्यावा. यात रीतीचं काही बुडत नाही.

इथे एक प्रतिप्रश्न येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही. जंगलं काय सहलीवाले जाळतात? मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवला जातो, तेंदूला नवी कोवळी पानं फुटावीत म्हणून आग लावली जाते, आणि दोष मात्र रविवारी दोन तास आलेल्यावर! यातला पहिला भाग खरा आहे. मोह आणि तेंदूच्या हंगामातल्या आगी हे आपल्या जंगलांचं मोठं दुखणं आहे आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. मात्र त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकतो. एकाच्या आगीने दुसऱ्याच्या आगीला परवाना मिळत नाही. शिवाय दोघांची स्थिती सारखी नाही. मोह वेचणाऱ्या आंध, गोंड, कोलाम कुटुंबाच्या वर्षाच्या मीठ-मिरचीचा हिशेब त्या फुलांवर बसलेला असतो. त्याला आगीशिवाय वेचण्याची साधनं द्यायची, झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरून वेचायला मदत करायची, हे काम करण्याजोगं आहे. सहलीला आलेल्याला असं कुठलंही साधन द्यावं लागत नाही, कारण त्याची चूल पेटली नाही तरी त्याच्या घरची चूल बंद पडत नाही. त्याला नियम पाळायला काही मोजावं लागत नाही, आणि म्हणून त्याच्याकडून तो आधी मागायचा.

आणि मागायचा तो कुणाच्या साक्षीने, हेही पाहावं. उमरखेड तालुक्यातल्या अभयारण्यालगतच्या गावांना लोक 'बंदी भाग' म्हणतात. नावच पुरेसं बोलकं आहे. तिथे रस्ता पक्का करायचा तरी वन्यजीव विभागाची परवानगी लागते. सरपण, चराई, रात्रीचं जाणं-येणं, सगळ्यावर जंगलाची अट आहे. रुग्णाला दवाखान्यात नेताना त्या अटीची किंमत त्या गावांनी चुकवली आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने काही हक्क मान्य केले, तरी जंगलासोबत जगण्याचं ओझं अजून त्यांच्याच खांद्यावर आहे. जी माणसं पिढ्यान्‌पिढ्या या मर्यादेत राहिली, त्यांच्या दारात जाऊन शहरातल्या माणसाने 'कुंडी नव्हती म्हणून टाकलं' असं सांगावं, हे मला अन्यायाचं वाटतं. फुटलेल्या बाटलीची काच टोचते ती साध्या चपलेने तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाईला आणि तांड्यावरच्या गुराख्याच्या बैलाला.

याचा अर्थ फाटकं बंद करा असा होत नाही. जंगल कुलुपात ठेवावं, माणूस आला की घाण आलीच, असं म्हणणारा दुसरा पक्ष आहे आणि तोही चुकतो. ज्या मुलाने सालईचं खोड हात लावून पाहिलं नाही, त्याने मोठेपणी तिथल्या खाणीला किंवा रस्त्याला विरोध का करावा? साताऱ्याजवळच्या कास पठारावर माणसं अडवली नाहीत, मोजली. फुलांच्या हंगामात दिवसाला तीन हजारांची मर्यादा, शुल्क, आणि व्यवस्था पाहणाऱ्या आसपासच्या गावांच्या संयुक्त वन व्यवस्थापन समित्या. तिथे घातलेलं जाळीचं कुंपण पुढे काढून टाकावं लागलं. माणसांची मोजणी आणि गावाची देखरेख मात्र टिकली.

शुल्क भरलं म्हणजे साफसफाईही विकत घेतली, असं समजणाऱ्यांना एवढंच सांगायचं की ते पैसे वाटेच्या डागडुजीचे, पाण्याचे आणि राखणीचे आहेत. वनखात्याकडे मागण्यासारखं मात्र पुष्कळ आहे, आणि ते जोराने मागावं. फाटकाशी बायकांसाठी स्वच्छ, पाण्यासह शौचालय असावं. ते नसल्याने कुटुंबं आडोशाला जातात आणि ओढ्याकाठची घाण तिथून सुरू होते. पिण्याच्या पाण्याचा नळ असावा, म्हणजे विकतच्या बाटल्या कमी येतील. गाड्या बाहेरच थांबाव्यात. कर्णे आणि दारू फाटकातच अडवावी, त्यावर चर्चेचीही गरज नाही. आत कुठे कुंड्या असतील तर त्या काढाव्यात. आत जाणाऱ्या बाटल्या आणि पाकिटं फाटकावर मोजून त्यांची अनामत घ्यावी आणि परत आणल्यावर ती द्यावी. हे काम गावातल्या बचत गटाच्या बायकांना रोजी देऊन सोपवावं, दंडाचा अधिकार वनरक्षकाकडे ठेवावा. सहस्रकुंडाला तर आणखी एक अडचण आहे: दोन काठ, दोन जिल्हे, दोन प्रशासनं. यवतमाळच्या काठावर बाटली मोजली आणि नांदेडच्या काठावर मोजली नाही, तर गर्दी पलीकडच्या काठावर जाईल आणि पाणी मात्र एकच राहील. पुढचा श्रावण येण्याआधी दोन्ही जिल्ह्यांच्या वनाधिकाऱ्यांनी एकत्र बसून दोन्ही काठांसाठी एकच पाटी, एकच अनामत आणि एकच दंड ठरवावा.